चॅरिटी बास्केटबॉल स्पर्धा घेताय? मग व्हीलचेअरची मॅच शोसाठी ठेवू नका, तिचे पॉइंट धरा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकमध्ये तुमचा कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल खेळाडूंचा ग्रुप आहे, जानेवारीत दोन दिवसांची थ्री-ऑन-थ्री (एका रिंगवर तीन विरुद्ध तीन) स्पर्धा घ्यायचीये, त्यात मुली, चाळिशीच्या पुढचे, व्हीलचेअरवरचे खेळाडू आणि जवळच्या विशेष शाळेतली मुलं असे सगळे यावेत, आणि जमलेला पैसा एका संस्थेला स्पोर्ट्स व्हीलचेअर घ्यायला द्यायचाय. तुमचा प्लॅन म्हणजे सोळा ओपन टीम आणि फायनलच्या आधी अर्धा तास व्हीलचेअरची एक एक्झिबिशन मॅच. मी पुण्यात बरीच वर्षं अशा स्पर्धांचं स्कोअरचं टेबल सांभाळतोय, रेफ्री म्हणूनही उभा राहतो, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो, बाकी सगळं छान आहे पण ती एक्झिबिशन मॅच काढून टाका.

का ते सांगतो. एक्झिबिशन मॅचचा निकाल कुठेच लागत नाही, म्हणून रेफ्री फाउल देत नाहीत, लोक तेवढ्यात वडापाव खायला जातात, आणि जो खेळाडू टेम्पोत खुर्ची टाकून साठ किलोमीटरवरून आलाय तो दहा मिनिटं खेळतो, पाहुण्यांशी हस्तांदोलन करतो, फोटो काढतो आणि परत जातो. त्याला टाळ्या मिळतात, मॅच मिळत नाही. मुलांचंही तेच, त्यांना मधे बोलावून दोन-चार बास्केट टाकायला लावायचे आणि मेडल द्यायचं. याला मी तरी समावेश म्हणत नाही. समावेश करायचा असेल तर तो स्कोअरशीटवर करा, म्हणजे त्यांच्या मॅचवर कोणीतरी हरलं पाहिजे आणि कोणीतरी जिंकलं पाहिजे.

त्यासाठी फॉर्मॅट असा लावा. सोळा टीम गुणिले चार (तीन खेळणारे, एक बदली) म्हणजे चौसष्ट खेळाडू होतात ना, तेवढीच माणसं घ्या पण चार क्लब करा, प्रत्येकी सोळा जण. दोन क्लब भिडले की तीन मॅच होतात. पहिली युनिफाइड, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू आणि ती नसलेले त्यांचे पार्टनर एकाच टीममध्ये, दुसरी व्हीलचेअर, तिसरी ओपन. साखळीत प्रत्येक मॅचचे वेगळे पॉइंट, आपल्या नेहमीच्या पद्धतीने जिंकल्यास २, हरल्यास १, मॅच सोडली तर ०, आणि तक्ता क्लबचा. चार क्लबांची साखळी म्हणजे सहा लढती, अठरा मॅच, वर फायनलच्या तीन, एकूण एकवीस. दहा मिनिटांची थ्री-ऑन-थ्री मॅच वॉर्मअप आणि क्लॉक थांबणं धरून वीस मिनिटं खाते, म्हणजे एकाच हाफकोर्टवर सात तास. दोन दिवसांत आरामात बसतं, आणि दुसरा हाफकोर्ट वॉर्मअपला आणि फ्री थ्रोच्या कार्यक्रमाला मोकळा राहतो (तो कार्यक्रम खाली सांगतो, पैसा तिथूनच येणारे).

तुमच्यातलं कोणीतरी लगेच म्हणेल की तिन्ही मॅचच्या बास्केटची बेरीज करू, सोपं पडेल. तसं करू नका. ओपन मॅच २१ पर्यंत जाते आणि नवख्यांची व्हीलचेअर मॅच सहा-चार वर संपू शकते, मग बेरजेत ओपनवालेच सगळं ठरवणार आणि आपण फिरून तिथेच येणार. आणि फायनलमध्ये, जिथे तीनपैकी दोन मॅच जिंकणारा क्लब चॅम्पियन, तिथे व्हीलचेअरची मॅच दुसरी ठेवा. तीनपैकी दुसरी मॅच कधीच निरर्थक होत नाही, तिसरी होऊ शकते. विशेष शाळेतल्या मुलांची युनिफाइड मॅचही शेवटी नको, दोन-शून्य झाल्यावर रिकाम्या मैदानावर त्यांना खेळवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांची पहिली.

थ्री-ऑन-थ्रीच का, हे काही जण विचारतील, कारण जुन्या खेळाडूंना फाइव्ह-ऑन-फाइव्हचीच ओढ असते. एक तर नियम छोटे आहेत, दहा मिनिटं किंवा आधी २१ पॉइंट करणारा जिंकला, रिंगसमोरच्या कमानीच्या (आर्क) आत एक आणि बाहेरून दोन पॉइंट, शॉट क्लॉक १२ सेकंदांचं, म्हणजे तेवढ्यात शॉट घ्यायलाच हवा. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये व्हीलचेअर थ्री-ऑन-थ्रीही होतं, त्यामुळे आपण काहीतरी कमी दर्जाचं खेळवतोय असं कोणाला वाटायचं कारण नाही. पण आपल्यासाठी खरं कारण खुर्च्यांचं आहे. फाइव्ह-ऑन-फाइव्हला एका वेळी दहा स्पोर्ट्स चेअर लागतात, इथे सहा पुरतात, आणि दोन जादा ठेवल्या तर पंक्चर झालं तरी मॅच थांबत नाही. सहा-आठ खुर्च्या एखाद्या संस्थेकडून दोन दिवसांसाठी मागता येतात, दहा-बारा कोणी देत नाही.

खुर्च्या मात्र स्पोर्ट्सच्याच हव्यात, हॉस्पिटलमधल्या फोल्डिंगच्या चालणार नाहीत, आणि यात अजिबात तडजोड करू नका. खेळाच्या खुर्चीची चाकं खालून बाहेर पसरलेली तिरकी असतात म्हणून ती जागच्या जागी वळते आणि आडवी पडत नाही, पुढे बंपर असतो, मागे उलटू नये म्हणून छोटं चाक असतं, कमरेला आणि पायांना पट्टे असतात. साध्या खुर्चीचा पुढे आलेला फूटरेस्ट समोरच्याच्या नडगीत किंवा चाकात घुसतो. आणि त्याच कारणाने पळणारे आणि खुर्चीवरचे खेळाडू एकाच मॅचमध्ये कधीच मिसळायचे नाहीत, फोटोसाठी पण नाही. मिसळायचंच असेल तर धडधाकट माणसाने खुर्चीत बसायचं. कॅनडा आणि जर्मनीत तर स्थानिक लीगमध्ये अपंगत्व नसलेले खेळाडू नियमितपणे खुर्चीत बसून खेळतात. तुमच्याकडे नाशिकमध्ये व्हीलचेअरचे खेळाडू किती मिळतील ही शंका तुम्ही लिहिली आहे, तिचं उत्तर हेच आहे, फ्लोअरवर तीनपैकी किमान दोघं व्हीलचेअर वापरणारे, तिसरा क्लबमधला कोणीही. चार क्लबांना दोन-दोन म्हणजे आठ खेळाडू आणि वर दोन-चार बदली, एवढे जमतात. तुमचा ओपनचा स्टार पॉइंट गार्ड पहिल्यांदा खुर्चीत बसून ले-अप मारायला जाईल तेव्हा त्याला कळेल की रिंग तीच १० फुटांवर आहे आणि उडी नाहीये.

आंतरराष्ट्रीय खेळात प्रत्येक खेळाडूला हालचालीच्या क्षमतेनुसार १ ते ४.५ पॉइंट देतात, आणि फाइव्ह-ऑन-फाइव्हमध्ये मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. जास्त अपंगत्व असलेला खेळाडू बाकावर बसून राहू नये, टीमला त्याची गरज पडावी म्हणून ही सोय आहे, मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. तुम्हाला क्लासिफिकेशन करायची गरज नाही, तेवढी माणसंही नाहीत, पण तत्त्व घ्या, ज्या खेळाडूचं धड स्थिर राहत नाही त्याला प्रत्येक मॅचमध्ये ठरावीक मिनिटं मिळालीच पाहिजेत असं नियमपत्रकात लिहा. रेफ्रींना दोन नियम आधी सांगा, चाकाला दोनदा ढकललं की बॉल ड्रिबल करायचा, पास द्यायचा किंवा शॉट घ्यायचा, तिसऱ्यांदा ढकललं तर ट्रॅव्हलिंगची चूक, आणि डबल ड्रिबल (ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करणं) ही चूक इथे नसते. आपले रेफ्री सवयीने डबल ड्रिबलची शिट्टी मारतात आणि मग खेळाडू चिडतात, बरोबरच आहे त्यांचं. सीटवरून पार्श्वभाग उचलून उंची घेतली तर टेक्निकल फाउल.

युनिफाइडमध्ये स्पेशल ऑलिंपिक्सचा (बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंची जागतिक संघटना) ठरलेला नियम आहे, थ्री-ऑन-थ्रीला दोन अ‍ॅथलीट, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेले खेळाडू, आणि एक पार्टनर (फाइव्ह-ऑन-फाइव्हला तीन आणि दोन). नियम पाळूनही खेळ बिघडू शकतो, कारण पार्टनर चांगला खेळाडू असला की तोच बॉल नेतो, तोच टाकतो, आणि अ‍ॅथलीट कोपऱ्यात हात वर करून उभे. म्हणून पार्टनरने सलग दोन बास्केट करायचे नाहीत असा स्थानिक नियम मी सुचवतो, शॉट क्लॉक काढून टाका, आणि पार्टनर निवडताना उंची आणि शॉट नका बघू, पास देणारा बघा. दोन्ही बाजूंच्या मुलांची पातळी साधारण सारखी आहे ना हे आदल्या आठवड्यात शाळेत जाऊन अर्धा तास खेळवून बघा, एकतर्फी मॅच मुलांना पण कळते. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांचं पत्र मागा, फिट येण्याचा इतिहास असेल तर फॉर्ममध्ये विचारा आणि ती माहिती फक्त डॉक्टर आणि टीमच्या कोचकडे ठेवा. डीजे आणि हॉर्नचा आवाज काही मुलांना सहन होत नाही, त्यांच्या मॅचच्या वेळी स्पीकर बंद, हॉर्नऐवजी साधी शिट्टी, आणि जवळची एक खोली शांत बसायला मोकळी. कर्णबधिर खेळाडू आले तर टेबलावर एक मोठा लाल झेंडा ठेवा, शिट्टी वाजली की टेबलाने झेंडा वर करायचा.

मुलींच्या बास्केटला डबल पॉइंट हा नियम कोणीतरी सुचवेलच, सोसायटीच्या स्पर्धांत तो फार चालतो. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. भारताच्या महिला टीमची कॅप्टन राहिलेली शिरीन लिमये आमच्या पुण्याची, तिच्या राज्यातल्या मुलींना कोणी सवलतीचे पॉइंट द्यावेत हे मला पटत नाही, शिवाय असा नियम असला की टीम मुलीला रिंगखाली उभी करून तिच्याकडे फक्त बॉल फेकत बसते. त्यापेक्षा ओपनमध्ये फ्लोअरवर कायम किमान एक मुलगी आणि टीममध्ये किमान एक चाळिशीपुढचा एवढंच ठेवा. बॉल ६ नंबरचा, पण वजनाला ७ नंबरएवढा, तो थ्री-ऑन-थ्रीचा अधिकृत बॉलच आहे, पुरुष-बायका सगळ्यांना तोच.

आता कोर्ट. कोर्ट निवडताना रिंग आणि बोर्ड सगळे बघतात, कोर्टापर्यंतचा रस्ता कोणी बघत नाही. गेटपासून कोर्टापर्यंत खडी आहे का, पायरी आहे का, कडेच्या गटाराच्या जाळीत चाक अडकतं का, सिमेंटला पाणी वाहून जायला दिलेला उतार किती आहे. रॅम्प करायचा असेल तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, सुतार तीन फुटांची फळी टाकून देतो तो रॅम्प नाही, ती घसरगुंडी झाली. आणि टॉयलेट, हे मी सगळ्यात वर लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे, दरवाजा ९० सेंटीमीटर रुंद, आत खुर्ची वळेल एवढी जागा, आणि दोन्ही दिवस पाणी. टॉयलेटची खात्री नसली की बरेच खेळाडू सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मणक्याला इजा झालेल्या माणसाला ते धोक्याचं आहे. ज्यांची इजा मानेजवळ किंवा पाठीत वर आहे त्यांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, शरीर थंड होत नाही, म्हणून नाशिकची जानेवारी असली तरी दुपारी बारा ते साडेतीन खेळ बंद ठेवा, मांडवाखाली सावली, ओले टॉवेल आणि पाण्याचा फवारा तयार ठेवा. स्पीकर लावणार असाल तर पोलिसांची परवानगी काढा, रात्री दहानंतर तसाही चालत नाही.

वाहतुकीचा खर्च बजेटमध्ये पहिल्या ओळीला लिहा. खेळाडू एकवेळ येतो, त्याची खेळाची खुर्ची, घरची खुर्ची आणि सोबतचा माणूस कसा येणार? दोन छोटा हत्ती आणि एक मोठी गाडी दोन्ही दिवस लागतील. खेळाडूंसाठी आधी व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाला मेल करा, माधवी लता यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली चेन्नईची संस्था आहे, महाराष्ट्रातल्या खेळाडूंपर्यंत पोचायचा रस्ता तिथूनच जातो. पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, जखमी जवानांचं, तिथे व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतात. या खेळाची सुरुवातच दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांनी केली, आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण घेऊन आले, तेव्हा आपल्याकडे अपंग खेळाडू आत्ता आत्ता तयार झाले असं समजू नका.

पैशाचं बघू. प्रवेश फीमधून फार काही उरत नाही हे आधीच मान्य करा. चौसष्ट जणांचे प्रत्येकी ५०० धरले तर ३२,००० होतात आणि मांडव, रेफ्रींचं मानधन, अ‍ॅम्ब्युलन्स, जेवण, गाड्या यात ते सहज संपतात. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन खाती मनात वेगळी ठेवा, स्पर्धेचा खर्च स्पॉन्सरकडून, आणि खेळाडूंकडून, प्रेक्षकांकडून आलेला प्रत्येक रुपया संस्थेला. हे फ्लेक्सवर लिहिता आलं की लोक मोकळ्या हाताने देतात. फी क्लबवर लावा, माणशी नको, म्हणजे विशेष शाळेतल्या मुलांना माफी दिली अशी भाषा येत नाही.

खरा पैसा फ्री थ्रोमधून येतो. प्रत्येक खेळाडू दहा फ्री थ्रो टाकणार, आधी त्याने आपल्या ओळखीतल्यांकडून प्रत्येक बास्केटमागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यायची. पन्नास रुपये देणारे पाच जण आणि दहापैकी पाच बास्केट पडले तर एका खेळाडूमागे १,२५०, चौसष्ट जणांचे ८०,०००. लाइन १५ फुटांची, लहान मुलांना जवळून, खुर्चीवरच्यांना त्याच १५ फुटांच्या लाइनवरून, ते टाकतात बरोबर. यात आजोबा पण असतात, सातवीतली मुलगी पण असते, सगळ्यांचे दहाच. आणि परदेशातले भाचे-पुतणे व्हिडिओ कॉलवर बघत पैसे देतात. तिथे एक काळजी घ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर चालतं, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे परदेशी देणगीत धरतात, संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याची एफसीआरए नोंदणी नसेल तर ते घेऊ नका, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही.

पैसे कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घ्यायचे नाहीत, खजिनदार कितीही भला माणूस असला तरी. संस्थेच्या बँक खात्याचा क्यूआर छापा. तुमचा ग्रुप नोंदणीकृत नाहीये, आणि नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क ची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. सोपा मार्ग म्हणजे संस्थेलाच आयोजक म्हणून सोबत घ्या. ८०जी ची (करसवलतीची) पावती फक्त देणगीला मिळते, प्रवेश फीला नाही, कारण तिच्या बदल्यात खेळायला मिळतं, आणि २,००० च्या वर रोख दिलेल्या देणगीला करसवलत नाही, हे पावती पुस्तकावरच छापून टाका म्हणजे नंतर वाद नाहीत. लकी ड्रॉची कूपनं विकू नका, ते लॉटरीच्या कायद्यात जातं.

कंपन्यांकडे जाताना सीएसआर सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च) म्हणत जाऊ नका. एकदाच होणाऱ्या कार्यक्रमाचा खर्च सीएसआरमध्ये बसत नाही असं सरकारने २०१४ लाच स्पष्ट केलंय, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या एचआरवाल्यांना हे माहीत असतं आणि तिथेच बोलणं थांबतं. पण पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण कंपनी कायद्यातल्या सीएसआरला चालणाऱ्या कामांच्या यादीत आहे. म्हणून फ्लेक्स आणि टीशर्टचे पैसे मार्केटिंगकडून मागा, आणि वर्षभराच्या कोचिंगचा वेगळा प्रस्ताव संस्थेच्या नावाने सीएसआरकडे द्या.

हेतू एकच आणि मोजता येईल असा ठेवा. अमेरिकेत सिनसिनाटी रॉयल्सचा मॉरिस स्टोक्स १९५८ मध्ये मॅचमध्ये डोक्यावर पडला आणि नंतर त्याला पक्षाघात झाला, तेव्हा त्याचा टीममेट जॅक ट्वायमन कायद्याने त्याचा पालक झाला आणि औषधपाण्यासाठी दरवर्षी बेनिफिट मॅच भरवायला लागला, एनबीएचे मोठमोठे खेळाडू त्यात येऊन खेळायचे. स्टोक्स काळा, ट्वायमन गोरा, तो काळ कसला होता ते तुम्हाला माहीतच आहे. लोक येत राहिले कारण पैसा नक्की कुठे जातोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं. तुमच्याकडे तसंच लिहा, अमुक इतक्या खुर्च्या, अमुक क्लबच्या सरावासाठी. आणि खुर्ची मापाची लागते, मांडीची रुंदी, पाठीची उंची, पायांची लांबी घेऊन बनते, परदेशी असेल तर लाखांत जाते, तेव्हा आधी खेळाडू ठरवा, मापं घ्या, कोटेशन घ्या आणि तोच आकडा टार्गेट म्हणून लावा. ट्यूब, टायर, बेअरिंगसाठी वेगळी रक्कम धरा, नाहीतर वर्षभरात खुर्ची कोपऱ्यात पडते.

माइकवर कोण बोलणार ते तुम्ही ठरवा, पाहुण्यांवर सोडू नका. नाव, जर्सी नंबर, क्लब, किती बास्केट, बस. कोणाचा अपघात कसा झाला हे मैदानात सांगायचं नाही, त्याने स्वतः माइक घेतला तर गोष्ट वेगळी. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. बक्षिसं सगळ्या मॅचना सारखी, व्हीलचेअरच्या बेस्ट प्लेअरला ट्रॉफी आणि ओपनच्या बेस्ट प्लेअरला सायकल असलं काही नको. हिशेब पंधरा दिवसांत बिलांसकट सगळ्या क्लबांना पाठवा, खुर्च्या आल्या की सराव चालू असतानाचा व्हिडिओ पाठवा.

तारीख पक्की करायच्या आधी, या आठवड्यातच, व्हीलचेअर वापरणाऱ्या एका खेळाडूला कमिटीवर घ्या आणि त्याच्यासोबत गेट ते टॉयलेट ते कोर्ट अशी एक चक्कर मारा, बरेच निर्णय तिथेच होतील. क्लब किती जमले आणि कोर्टाची मापं काय ते इथे लिहा, वेळापत्रक मी बसवून देतो.